काकपदाची मंजुरी

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, ती आमच्या हिची आहे. त्या खुर्चीवर मीसुद्धा बसत नाही. इकडे बसा, खिडकीपाशी, फक्त फार मागे टेकू नका, एक पाय जरा लंगडतोय. हां. आणि तो फोन ठेवा की टेबलावर, आल्यापासून हातात धरून बसलात. चाळीस जण आहेत म्हणता पलीकडे? एकाच वेळी? चाळीस जण ऐकतायत तर बोलतंय कोण — बरं, असो, आपल्या बाजूचा आवाज बंद केलाय ना? केलाय. मग ठीक. घर आहे, माणूस काहीबाही बोलून जातो. साडेतीन वाजलेत साहेब, पाचपर्यंत वेळ आहे, कशाला जीव टांगणीला लावताय? दुरुस्तीचा पॅच तुम्ही आणलाय, छापूनसुद्धा आणलाय, माझी किल्ली लागलीय, तिची लागली की अपडेट सुटलं जगभर. येईल ती. आत आहे. दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही, म्हणजे अगदीच बोलणं टाकलंय असं नाही. चहा घ्या तोवर. मीच केलाय, त्यामुळे तक्रार करू नका.

तुमच्या कार्डावर काय लिहिलंय ते मी तीनदा वाचलं — विश्वास व सातत्य विभाग, सहप्रमुख. विश्वासाचा वेगळा विभाग असतो होय? मग बाकीच्या विभागांत काय असतं? नाही, चेष्टा नाही करत. मागच्या वर्षी तुमच्याच विभागाने मला त्रेपन्न प्रश्नांचा फॉर्म पाठवला होता. तुमच्या संस्थेत कर्मचारी किती — मी लिहिलं, दीड. सुरक्षा विभागाचे प्रमुख कोण — मी. प्रमुख आजारी पडल्यास कोण — मग मी काढा पिऊन बसतो. इमारतीला आग लागल्यास पर्यायी कार्यालय कुठे — माझ्या मेहुणीच्या कपाटात, वरचा कप्पा, तिथे एक प्रत असते. सगळं खरं लिहिलं. त्यावर तुमचं उत्तर काय आलं माहितीये? 'समाधानकारक.' आणि सोबत एक टी-शर्ट. लहान मापाचा. आमची ही पुसायला वापरते ते टेबल, तुमचा कप ठेवलाय ना, तेच.

हसू नका, तुमची अर्धी कंपनी या टेबलावर उभी आहे. तुमचीच नाही, बँका, इस्पितळं, फोन, सगळे. माणसं एकमेकांना जे काय पाठवतात त्याला वाटेत कुलूप घालायचं, एवढाच हा प्रोग्राम. फुकट आहे, उघडा आहे, कोड कोणीही वाचावा, कोणीही तपासावा. सगळे म्हणतात, हजारो डोळे बघतायत, म्हणून सुरक्षित आहे. हजारो. मी अकरा वर्षं वाट बघतोय त्या हजारोंची. आले ते दोनच डोळे, आणि त्यांना चष्मा आहे.

सांगतो ना. आम्ही दोघं एका छापखान्यात होतो. परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापायचो आम्ही. मी कॉम्प्युटरवर, ती मुद्रितं तपासायला. प्रश्नपत्रिका इकडून तिकडे पाठवायची तर फुटता कामा नये, म्हणून हा प्रोग्राम मी लिहिला. पुढे छापखाना बंद पडला आणि प्रोग्राम राहिला, तो मी जगाला देऊन टाकला, आणि जगाने असा उचलला की विचारू नका. पण नियम छापखान्याचाच ठेवला — जे बाहेर जाईल ते दोघांनी बघितलेलं पाहिजे. दोन किल्ल्या. ही बघा माझी, अंगठ्याएवढी आहे, कॉम्प्युटरला लावायची आणि दाबायची. दुसरी तिची. ती तिथे कॅलेंडरशेजारी खिळ्याला असते. आज तिथे नाहीये ते तुम्ही आल्या आल्या बघितलंत, मला दिसलं तुमचं बघणं.

नाही, तिला प्रोग्रामिंग येत नाही. अहो, चहा सांडेल. येत नाही म्हणजे नाही येत. तुमच्या चाळीस जणांना वाटतं काकपद म्हणजे कोणीतरी गणितातला डॉक्टर असणार — हो हो, माहितीये मला, कोणी म्हणतं एक माणूस नाही, संस्था आहे. एका परिषदेने तर मुख्य भाषणाला बोलावलं होतं काकपदांना. हिने उत्तर पाठवलं की त्या दिवशी दाताची वेळ घेतलीय. खरंच घेतली होती. काकपद म्हणजे ती छोटी खूण हो, ओळीत एखादा शब्द राहून गेला की तिथे खालून टोक काढतात आणि वर राहिलेला शब्द लिहितात. तिचं आयुष्य गेलं ती खूण करण्यात. म्हणून प्रोग्रामवर सही करताना तेच नाव घेतलं तिने.

आमची पद्धत अशी — मी मोठ्याने वाचायचं, तिने कागदावर बोट ठेवून ऐकायचं. छापखान्यात असंच असतं, एक वाचणार, एक बघणार, आणि वाचायचं म्हणजे सगळं, कंस सुरू, कंस पूर्ण, स्वल्पविराम, सगळं. तसा मी तिला कोड वाचून दाखवतो. आणि प्रत्येक ओळीचं आधी मराठीत सांगायचं. इथे आपण मशीनकडून एक आकडा मागतोय. इथे तो आकडा आला की कुलूप घालतोय. आणि ती एकच प्रश्न विचारते. अकरा वर्षं एकच. आणि नाही आला तर? बस. मागितला आणि नाही मिळाला तर, पाठवलं आणि नाही पोचलं तर. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. मी हिला म्हणायचो, अगं, येतोच तो. ती म्हणायची, हो, पण नाही आला तर? मग मी चिडून दोन ओळी जास्त लिहायचो आणि तिने मान हलवली की किल्ली लागायची. अख्ख्या प्रोग्राममध्ये अशा चिडून लिहिलेल्या ओळी जवळजवळ तिसरा हिस्सा निघतील, आणि खरं सांगू का, तेवढ्याच कधी बिघडल्या नाहीत. प्रत्येक वाचन ती वहीत लिहून ठेवते, तारीख आणि बरोबरची खूण. नवव्या वहीत आहोत आम्ही.

आता हे भोक. तुम्हाला तोंडपाठ असेल, नव्वद दिवस झाले, पण मी माझ्या शब्दांत सांगतो. दर वेळी कुलूप घालताना हा प्रोग्राम मशीनकडे एक आकडा मागतो, कुणाला ओळखता येणार नाही असा. मशीन नुकतंच चालू झालेलं असलं तर त्याच्याकडे आकडा तयार नसतो. मग थांबायचं असतं. दोन-तीन सेकंद. आधी थांबायच्या ओळी होत्या तिथे. त्या निघाल्या. आता आकडा आला नाही तर हातात रिकामं येतं, म्हणजे शून्य, आणि आमचा शहाणा शून्याचं कुलूप घालून मोकळा होतो. दिसायला कुलूप. कोणीही शून्य फिरवावं आणि आत यावं. अशी भोकं शोधणाऱ्या एका बाईने हे हेरलं, सभ्यपणे कळवलं, नव्वद दिवस दिले, आणि आज पाच वाजता ती जगाला सांगणार. तिचं चूक नाही काही. नव्वदातले सत्तर दिवस तुमच्या समितीने भोकाचं नाव ठरवण्यात घालवले. नाव, चित्र, चित्राचा रंग. मी म्हटलं, काढलेल्या ओळी परत घालतो, पाच मिनिटांचं काम. तर उत्तर आलं की मागे जाणं दिसायला बरं दिसत नाही, पुढे जाणारा उपाय हवा. म्हणून हा तुमचा साठ ओळींचा पॅच. चाळीस जणांनी तपासलेला. मी आपला मान डोलावली आणि किल्ली लावली. माझंच तोंड काळं झालेलं, मी कोणत्या तोंडाने वाद घालणार?

ओळी काढल्या कुणी? मीच. मग कोण काढणार? पण का काढल्या ते विचारा. तुमच्या कंपनीच्या एकोणीस ईमेल आहेत माझ्याकडे. प्रोग्राम सुरू व्हायला तीन सेकंद लागतात, तीन सेकंद फार होतात, ग्राहक नाराज आहेत. पहिल्या सहा गोड होत्या. मग तातडीचं. मग अतितातडीचं. मग लाल अक्षरांत. शेवटच्या ईमेलमध्ये होतं की प्रकल्प सांभाळणाऱ्यांची क्षमता आहे का याचा विचार करावा लागेल. क्षमता. मला. अहो, लागतो माणसाला असा शब्द. मी बसलो आणि त्या तीन सेकंदांचा सोक्षमोक्ष लावून टाकला, दुपारच्या दुपारी. तुमच्या लोकांनी अंगठे पाठवले, फटाके पाठवले, छोटी छोटी चित्रं. तो फॉर्म आणि टी-शर्ट त्याच सुमाराचे.

नाही, ते... मंजुरी होती ना. दोन्ही किल्ल्या लागलेल्या आहेत, तुमच्या अहवालात तारखेसकट आहे. काकपद, मंजूर. आहेच ते. म्हणजे लागली किल्ली. लागली म्हणजे — ती बहिणीकडे गेली होती त्या दिवशी, भाची झाली होती ना, दोन दिवस गेली होती. किल्ली इथे खिळ्याला. फोन लागत नव्हता तिकडे, आडबाजूला राहते मेहुणी. आणि तुमच्या ईमेल डोक्यावर. एक दिवसाचा प्रश्न, म्हटलं आल्यावर वाचून दाखवू. मग आल्यावर भाचीचं कौतुक, फोटो, आणि राहिलं. राहिलं ते राहिलंच. तुम्ही हे कुठे बोलू नका हं साहेब, आपलं आपल्यात आहे.

सकाळचं काय झालं, तुम्ही जाहीर निवेदनाचा मसुदा पाठवलात. कुठलाही छापील मजकूर घरात आला की तो तिच्या हाताखालून जातो, सवयच आहे. तिने पेन्सिल घेतली, दोन वेलांट्या नीट केल्या, आणि मग ते वाक्य आलं. 'सदर बदलाला द्वितीय तपासनीस काकपद यांची मंजुरी होती; त्यांच्या मानवी चुकीमुळे त्रुटी निदर्शनास आली नाही.' तिने तारीख बघितली. उठली, सातवी वही काढली, ते पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ती बघा, अजून तिथेच आहे. आदल्या आठवड्याचं वाचन आहे, पुढच्या आठवड्याचं आहे, मधली तारीखच नाही. एवढंच बोलली — "त्या दिवशी मी इथे नव्हते." खिळ्यावरची किल्ली काढली, मुठीत घेतली आणि आत गेली. सकाळी नऊपासून आत आहे. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं.

आणि तिला काय हवंय ते मला कळत नाही असं नाही. निवेदनात खरं लिहा, मग मी वाचते आणि किल्ली लावते. पण विचार करा ना साहेब. पाच वाजता जग वाचणार, की ज्या प्रोग्रामला दोन जण सांभाळतात म्हणून सगळे डोळे मिटून बसले, तिथे एकानेच दोन्ही हातांनी सही केली होती. कोण ठेवेल विश्वास? तुमचा विभाग बंद पडेल. काकपद काय, ते टोपणनाव आहे, त्याला चेहरा नाही, त्याला लोक दोन दिवस शिव्या घालतील आणि विसरतील, तिचं काय जाणार — का हो? तुमचा चेहरा का असा झाला? कोण बोललं?

फोनमधून आवाज आला. आत्ता. कोणीतरी खोकलं आणि म्हणालं, आम्हाला सगळं ऐकू येतंय.

केव्हापासून? टी-शर्टपासून? तुम्ही आवाज बंद केला होता ना? दाबलं होतं. दाबलं होतं म्हणता. आणि ते दाबलं गेलं का, ते बघितलं होतंत? नाही. वा. विश्वास व सातत्य विभाग. एक बटण, साहेब, एकच. दाबलं आणि नाही झालं तर, एवढंच विचारायचं होतं स्वतःला. माझ्या बायकोला विचारा, फुकट शिकवेल. आता कशाला दाबताय? राहू दे चालू.

काय म्हणतायत ते? मोठ्याने सांगा. निवेदन आहे तसंच जाऊ द्यावं. बरं. काकपद हे टोपणनाव असल्याने कुणाचीही वैयक्तिक हानी होत नाही. आणि त्या एकोणीस ईमेलचा उल्लेख अनावश्यक आहे. असं होय. म्हणजे मी आत्ता जे बोललो तेच शब्द, फक्त इस्त्री केलेले. कमाल आहे. माझ्या तोंडून बरं वाटत होतं हो मला, तुमच्या फोनमधून ऐकलं आणि किळस आली. तुम्हाला काय तोटा आहे — तुमच्या एकोणीस ईमेल झाकल्या जातात, माझी दोन हातांची सही झाकली जाते, आणि सगळ्यांच्या पापाची धनी कोण, तर जिने ती ओळ बघितलीच नाही ती. अकरा वर्षं, नऊ वह्या. त्यात एक शब्द चुकलेला दाखवा मला. एकदा ताप असताना बसली होती, तापात विचारत होती, आणि नाही आला तर. तिला चेहरा नाही म्हणे. आत बसलाय ना चेहरा, दाराआड, सकाळपासून जेवलेला नाही.

सरका जरा, मला कीबोर्ड द्या. नाही, मसुदा माझ्याकडेही उघडतो. ते वाक्य काढलं. बघा, गेलं. आता लिहितो. काय लिहितो ते ऐकू द्या त्यांना... चार वाजून पाच मिनिटं झालीत, माहितीये मला. हे झालं. अगं, ऐकतेस का? लिहिलंय मी. येतेस का वाचायला?

उठा. साहेब, उठा, वाटेतून बाजूला व्हा, तिला खुर्चीपर्यंत येऊ द्या. हे तुमच्या विश्वास विभागाचे. त्यांना राहू दे, बघू देत. तुझा चष्मा रेडिओवर आहे. आधी पॅच म्हणतेस? बरं. हा घे कागद, बोट ठेव. मी वाचतो. ओळ पहिली — इथे आपण मशीनकडे आकडा मागतोय. कंस सुरू, कंस पूर्ण, अर्धविराम. ओळ दुसरी — आकडा आला नसेल तर थांबतोय. मग परत मागतोय. नसेल तर परत थांबतोय. येईपर्यंत. कंस सुरू —

ऐकलंत? ऐकलंत का फोनवाले, काय विचारलं तिने? आणि नाहीच आला तर? सांगा. साठ ओळी, चाळीस माणसं. थांबेल की तो, जन्मभर थांबेल. इस्पितळातलं मशीन सुरू होईल आणि तिथेच तोंड वासून उभं राहील. बोला ना कोणी. आत्ता बरा आवाज बंद झाला.

नको सांगूस, आठवलं मला. दहा वेळा माग, दहाव्यांदाही नाही आला तर कुलूप घालू नको, दार लावून घे आणि ओरडून सांग. त्याच जुन्या ओळी. पहिल्या वहीत त्यांचं वाचन आहे बघ, तूच घालायला लावल्या होत्यास आणि मी जेवलो नव्हतो त्या दिवशी रागाने. तुमच्या साठ काढतो साहेब, ह्या चार घालतो. मागे जाणं दिसायला बरं नाही, पण दिसू दे. वाचतो परत. ओळ पहिली. दुसरी. तिसरी, दहाव्यांदा नाही आला तर, दार बंद. चौथी. मान हलवलीस? हलवली. लिही वहीत.

आता ते दुसरं. हो, तेही मोठ्याने. स्वल्पविरामासकट, माहितीये. 'हा बदल काकपद यांनी तपासला नव्हता, पूर्णविराम. त्या दिवशी त्या घरी नव्हत्या, पूर्णविराम. त्यांची किल्ली मी त्यांच्या नकळत लावली, पूर्णविराम. घाई होती आणि त्यांचा फोन लागत नव्हता, पूर्णविराम.' झालं. बरोबर आहे ना?

अगं, ही कसली खूण केलीस? इथे काही राहिलेलं नाही. शेवटच्या वाक्यात कुठे — 

राहिलंय. हो. राहिलंय. साहेब, तो फोन उचला आता आणि खिशात घाला. नाही, नको, असू दे, हेही ऐकू देत. फोन लागत होता. तिनेच केला होता, संध्याकाळी पाचला, भाचीचं रडणं ऐकवायला. आणि शेवटी म्हणाली, आज काही वाचायचं आहे का, मी ऐकते इथून. मी म्हटलं, नाही, आज काही नाही. किल्ली तोवर लावून झाली नव्हती. तुझा फोन ठेवला आणि मग लावली. कारण तू काय विचारणार ते मला ठाऊक होतं, आणि मला ते त्या दिवशी ऐकायचं नव्हतं. हे लिहू? एवढं सगळं? बरं. लिहितो.

'त्यांचा फोन आला होता, पूर्णविराम. त्या काय विचारतील ते मला माहीत होतं, स्वल्पविराम, म्हणून मी त्यांना सांगितलं नाही, पूर्णविराम.'

झालं? अजून एक खूण? नाही. बरं.

साडेचार झाले. पाचच्या आत दोन्ही किल्ल्या लागतील, काळजी नको. आता दार ओढून घ्या जाताना, साहेब, आणि पायरी जपून. कप राहू दे तिथेच. अजून शीर्षक वाचायचं राहिलंय आमचं.